ओढगस्तीच्या हिवाळ्यात बिघडलेला गिझर

मार्गशीर्षातील एका पहाटे आमच्या न्हाणीघरातील गिझरने पाणी तापविणे बंद केले. घरात माणसे सात. सासूबाईंचे वय अठ्ठ्याहत्तर आणि थंडीत त्यांना दम्याचा त्रास. बार्शीची थंडी काही हिमालयाची नव्हे. तरीही पहाटे साडेपाचला पूजेपूर्वी स्नान करणाऱ्या वृद्ध स्त्रीला ती पुरेशी असते. आणखी एक अडचण होती, तिचा उच्चार घरात कोणी करीत नव्हते, पण ती सर्वांना ठाऊक होती. त्या वर्षी आडतीच्या दुकानातील उधारी वसूल होत नव्हती. मोठ्या मुलाच्या महाविद्यालयाचे शुल्क भरावयाचे होते. यजमानांनी सकाळीच सांगून टाकले, ‘पाच हजारांच्या वर एक रुपया या कामी जाऊ देऊ नका.’

अशी वेळ व्यापारी घरांत अधूनमधून येतेच. बाहेरून दुकान चालू दिसते, माल येतो-जातो, आणि घरात मात्र गिझरची कॉइल बदलावी की नाही यावर दोन दिवस चर्चा चालते. म्हणूनच हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. त्यातील चुका आमच्याच आहेत.

पहिली चूक गिझर बंद पडण्याच्या आधी आठ दिवस झाली होती. माझ्या धाकट्या जाऊबाईंनी नळाला हात लावला तेव्हा बोटांना झिणझिण्या आल्या. त्यांनी मला सांगितले. मी म्हटले, ‘रबरी चपला घालून जात जा.’ त्यानंतर आम्ही न्हाणीघरात लाकडी पाटही ठेवला आणि प्रश्न सुटला असे समजलो. आज हे लिहिताना संकोच वाटतो. ज्या घरात पाणी गाळल्याशिवाय वापरावयाचे नाही आणि चूल झाडल्याशिवाय पेटवावयाची नाही असे मुलींना लहानपणापासून शिकविले जाते, त्याच घरात नळातून वीज येत असता आम्ही चपलांवर भागवीत होतो.

गिझर बंद पडल्यावर नेहमीच्या दुरुस्ती करणाऱ्यास बोलाविले. त्याने खालून ठिबकणारे पाणी पाहिले, बोटाने टाकीवर टकटक केली आणि निर्णय दिला, ‘टाकी गेली. नवा घ्या.’ पंधरा लिटरचा नवा गिझर, बसविण्याच्या खर्चासह, आठ हजार दोनशे रुपये. दुकानदार हप्त्याने द्यावयास तयार होता. हप्ता बिनव्याजी होता, पण कागद नीट वाचला तर ‘प्रक्रिया शुल्क’ निराळे होते. व्याज दुसऱ्या नावाने मागितले तरी व्यापाऱ्याच्या घरात ते ओळखू येते. आम्ही नको म्हटले.

त्याच संध्याकाळी माझे दीर एका नातेवाइकांच्या बंद घरातून गॅसवर चालणारा जुना गिझर घेऊन आले. ‘वहिनी, फुकटात काम झाले,’ म्हणून त्यांनी स्वतःच तो न्हाणीघराच्या भिंतीवर टांगला आणि सिलिंडर दाराबाहेर ठेवून नळी आत घेतली. दोन दिवस सर्वांनी भरपूर गरम पाण्याने स्नान केले. न्हाणीघराला एकच झरोका. तो थंडीमुळे पुठ्ठ्याने बंद केलेला होता. तिसऱ्या दिवशी माझी चौदा वर्षांची पुतणी केस धुण्यास गेली. वीस मिनिटे झाली, पाण्याचा आवाज येत होता, पण हाकेला उत्तर येईना. जाऊबाईंनी दार ढकलले. कडी नीट लागलेली नव्हती, हे आमचे नशीब. मुलगी भिंतीला टेकून खाली बसली होती, डोळे अर्धवट मिटलेले, उठण्याचे बळ नाही. तिला उचलून अंगणात आणले. मोकळ्या हवेत काही वेळाने ती बोलू लागली; मग उलटी झाली आणि दिवसभर डोके दुखत राहिले. डॉक्टरांकडे नेले. त्यांनी प्राणवायू दिला आणि पहिला प्रश्न विचारला, ‘गॅसचा गिझर आहे का?’

गॅस जळण्यास हवा लागते. बंद खोलीत गिझरची ज्योत तेथीलच प्राणवायू खाते, आणि तो अपुरा पडू लागला की गॅस पुरता न जळता कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. स्वयंपाकाच्या गॅसमध्ये गळती कळावी म्हणून उग्र वास मिसळलेला असतो. तो जळून गेल्यावर उरत नाही, त्यामुळे ‘वास येत नाही म्हणजे धोका नाही’ हा समज येथे उपयोगाचा नाही. हा वायू रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. माणसाला गुदमरल्यासारखे वाटत नाही. नुसती गुंगी येते, डोके जड होते, आणि पाय आधी जातात. म्हणून दार उघडावे हे सुचूनही उघडता येत नाही. असा गिझर लावावयाचाच असेल तर तो न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत असावा आणि आत फक्त गरम पाण्याची नळी यावी. त्या दिवशी दुपारी दिरांनी तो काढला. कोणी त्यांना काही बोलले नाही. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून बोलवलेही नसते.

आता माळ्यावरचा तांब्याचा बंब खाली आला. तो सासूबाईंच्या लग्नानंतरच्या वर्षी पुण्याच्या तांबट आळीतून आणलेला. मधोमध उभी नळी, तिच्या तळाशी जाळी, नळीत जळण टाकावयाचे आणि तिच्याभोवती पाणी. एका बाजूच्या नरसाळ्यातून गार पाणी ओतले की ते तळाशी जाते आणि वरचे तापलेले पाणी दुसऱ्या बाजूच्या तोटीतून बाहेर पडते. जितके घालाल तितकेच मिळेल, असा त्याचा रोकडा व्यवहार. तो वरून उघडा असल्यामुळे त्यात वाफ कोंडत नाही, म्हणून फुटण्याचे भय नाही. एकच पथ्य: पाणी भरल्याशिवाय पेटवावयाचा नाही, नाही तर सांध्यांचा डाख वितळतो. आमच्या बंबाचा एक सांधा असाच कधी तरी सुटलेला होता. गावात कल्हई आणि डाख लावणारा एकच कारागीर उरला आहे. त्याने दीडशे रुपयांत तो सांधून दिला.

सासूबाईंचा चेहरा त्या आठवड्यात उजळला होता, हे मान्य केले पाहिजे. गिझरविषयी त्यांची एक जुनी तक्रार आहे, आणि ती चुकीची नाही: वरच्या टाकीतले पाणी न गाळता थेट आत जाते. बंबात त्या स्वतः गरण्याने गाळून पाणी ओतीत. करवंट्या आणि शेणी एकेक करून पाहत, झटकीत, मुंगी वा कीड नाही याची खात्री करून मगच नळीत टाकीत. ‘अगं, हात चालतात तोवर चालू दे,’ म्हणत. परंतु धूर त्यांच्या दम्याला सोसेना. चौथ्या रात्री त्यांना झोप लागली नाही. बंब अंगणात हलविला, तर पहाटेच्या गारठ्यात उभे राहून तो पेटविणार कोण, हा प्रश्न आला. जुन्या गोष्टींचे गोडवे गाणाऱ्यांनी बहुधा त्या पहाटे पाच वाजता पेटविलेल्या नसतात.

मधल्या दिवसांत कोणी पाण्यात बुडविण्याच्या रॉडचे सुचविले. तो स्वस्त असतो आणि पुष्कळ घरांत वापरलाही जातो. पण रॉड चालू असताना पाणी तापले का हे पाहण्यासाठी बादलीत बोट बुडविण्याची सवय घरोघरी आहे, आणि आमच्या घरात विजेच्या बाबतीत किती सावधपणा आहे हे आम्ही नुकतेच सिद्ध केले होते. तो विचार सोडून दिला.

शेवटी दुकानाच्या शेजाऱ्यांनी एका वयस्क वायरमनचे नाव सुचविले. सगळे त्यांना मामा म्हणतात. मामांनी गिझरकडे न पाहता आधी न्हाणीघराबाहेरचा स्विचबोर्ड उघडला. फेज आणि अर्थ यांच्यामध्ये एक बल्ब लावला. बल्ब पेटला नाही. मग त्यांनी आतली हिरवी तार ओढली. ती हातातच आली. भिंतीत दोन फूट जाऊन ती कापलेली होती, पुढे कशालाच जोडलेली नव्हती. तीन पिनांचा सॉकेट होता, तिसरे भोक होते, त्यामागे काही नव्हते. ते म्हणाले, ‘वहिनी, नवा गिझर आणला असता तरी नळाला हात लावताना देवाचेच नाव घ्यावे लागले असते.’

मग त्यांनी वीज बंद करून, पाणी काढून टाकून गिझरचे खालचे झाकण उघडले आणि कॉइल बाहेर काढली. ती कॉइल होती हे सांगावे लागले, इतका पांढरा जाड थर तिच्यावर चढलेला होता. आमचे पाणी बोअरचे, जड. अशा पाण्यात विरघळलेले चुन्याचे क्षार पाणी तापले की वेगळे होतात आणि जेथे सर्वांत जास्त उष्णता तेथेच बसतात, म्हणजे कॉइलवर. थरामुळे उष्णता पाण्यात उतरत नाही, कॉइल आतल्या आत तापते, तिच्या वरच्या धातूच्या नळीला तडा जातो आणि पाणी आत शिरते. त्या तड्यातूनच वीज पाण्यात आणि टाकीच्या पत्र्यात येत होती. अर्थिंग असते तर ती जमिनीत गेली असती. नव्हते, म्हणून ती जाऊबाईंच्या बोटांपर्यंत आली. पुढे आतली तार जळून तुटली आणि गिझर बंद पडला. तो बंद पडला हे एका अर्थी बरेच झाले.

ठिबकणाऱ्या पाण्याचे कारण त्यांनी कोरड्या फडक्याने शोधले. सगळी टाकी पुसून घेतली, पाणी भरले आणि दहा मिनिटे वाट पाहिली. थेंब टाकीच्या अंगातून येत नव्हता. कॉइल जेथे बसते तेथील रबरी गॅस्केट कडक होऊन चिरले होते. गळती टाकीच्याच पत्र्यातून असती तर मात्र दुरुस्तीवर एक रुपयाही घालू नये असे ते म्हणाले. आतले अस्तर गेलेल्या टाकीला ठिगळ टिकत नाही. ‘टाकी गेली’ आणि ‘गॅस्केट गेले’ या दोन वाक्यांतील अंतर आमच्या बाबतीत काही हजार रुपयांचे होते. तेव्हा ‘गळती नेमकी कोठून आहे, पुसून दाखवा’ असे म्हणण्यास वाचक भगिनींनी मुळीच लाजू नये. धान्याचे पोते आपण परखी लावल्याशिवाय घेत नाही. येथे का घ्यावे?

टाकीतून त्यांनी आणखी एक वस्तू काढली, गंजक्या तारेसारखी. ती मूळची बोटाएवढी जाड मॅग्नेशियमची कांडी होती. पाण्यातील क्षार आणि प्राणवायू जो धातू आधी सापडेल त्याला खातात. मॅग्नेशियम पोलादापेक्षा लवकर झिजते, म्हणून ही कांडी टाकीसाठी स्वतः संपत जाते. ती संपली की टाकीची पाळी येते. जड पाण्याच्या गावात ती दरवर्षी पाहावी आणि बरीच झिजली असेल तर बदलावी. सात वर्षांत आम्हांला तिचे अस्तित्वच ठाऊक नव्हते.

मामा खरोखर रागावले ते शेवटी. गार पाणी आत येण्याच्या जागी एक छोटी सुरक्षा झडप असते. दोन वर्षांपूर्वी तिच्यातून पाणी ठिबकते म्हणून मी तक्रार केली होती आणि दुरुस्ती करणाऱ्याने तिच्या तोंडाला बूच मारून दिले होते. मी त्याला चहाही पाजला होता. पाणी तापले की फुगते. पंधरा लिटर पाणी वीस अंशांवरून साठ अंशांवर गेले तर सुमारे पाव लिटरने वाढते. पाणी मागे जाऊ नये म्हणून वाटेत एकमार्गी झडप असते, तेव्हा ती वाढ सुरक्षा झडपेतूनच थेंबाथेंबाने बाहेर पडावयाची. तापताना पडणारे ते थेंब हा बिघाड नव्हे. झडप सतत वाहत राहिली तर ती बदलावी. बूच मात्र कधी मारू नये. थर्मोस्टॅट अडकून पाणी तापतच राहिले आणि दुसरे संरक्षणही चालले नाही, तर बंद टाकीतील वाफेला भिंत फोडण्याखेरीज वाट राहत नाही. बंब उघडा म्हणून निर्धोक. गिझर बंद, म्हणून त्याला हे छोटे तोंड दिलेले असते. तेच आम्ही शिवून टाकले होते.

आता खर्च. रोजमेळात त्या दिवशी असे लिहिले आहे: कॉइल 520, थर्मोस्टॅट 280, मॅग्नेशियमची कांडी 190, गॅस्केट 60, सुरक्षा झडप 240, मजुरी 400, एकूण 1,690 रुपये. त्याखाली दुसरी नोंद: अर्थिंगचा खड्डा व तांब्याची तार 1,300, आणि तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी 1,750, एकूण 3,050. दोन्ही मिळून 4,740.

दुसऱ्या नोंदीवर घरात वाद झाला. यजमान म्हणाले, गिझर तर 1,690 मध्ये चालू झाला. बाकीचे होळीनंतर, वसुली आल्यावर करू. व्यापाऱ्याच्या दृष्टीने ते बोलणे रास्त होते. मी जन्मात प्रथमच पैशाच्या बाबतीत त्यांच्यापुढे हट्ट धरला. गिझर महिनाभर बंद राहिला तरी चालेल, चुलीवर पातेले ठेवू. पण अर्थिंगशिवाय तो चालू करावयाचा नाही. काटकसर करावयाची तर कॉइल कोणत्या दर्जाची घ्यावी येथे करू नये (आयएसआय चिन्ह पाहूनच घ्यावी), गिझरच्या रंगरूपात, लिटरांत, हप्त्यांत हवी तेवढी करावी. आरसीसीबी हे उपकरण जाणाऱ्या आणि परत येणाऱ्या विजेचा हिशेब ठेवते. दोन्हींत फरक पडला, म्हणजे वीज कोणाच्या तरी अंगातून बाहेर चालली, की क्षणार्धात पुरवठा तोडते. ‘जमाखर्च जुळला नाही की दुकान बंद करणारा मुनीम,’ असे मी त्यांना सांगितले. ते हसले आणि त्यांनी पैसे काढून दिले. पुतणीचा प्रसंग ताजा होता, हेही खरे.

टाकीच्या आतील उरलेले क्षार काढण्यासाठी मामांनी लिंबूफूल कोमट पाण्यात घालून टाकीत तासभर ठेवले आणि धुऊन काढले. शौचालयासाठी मिळणारे तीव्र ॲसिड वापरू नये, ते अस्तरही खाते. लिंबूफूल आमच्याच शेजाऱ्यांच्या दुकानातले होते, म्हणून त्याची नोंद नाही.

विजेच्या बिलाविषयी दोन गोष्टी सांगते, कारण याबद्दल घरोघरी गैरसमज आहेत. वीस लिटरची बादली वीस अंशांवरून चाळीस अंशांवर नेण्यास सुमारे अर्धा युनिट वीज लागते. सात माणसांच्या सात बादल्या म्हणजे साडेतीन युनिटांच्या आसपास. गिझर दोन तास चालू ठेवला म्हणजे चार युनिट जळाले असे नव्हे. पाणी तापले की थर्मोस्टॅट वीज तोडतो, त्यानंतर टाकीतून निसटणाऱ्या उष्णतेपुरतीच वीज लागते. खरी बचत होते ती बादलीभर पाण्यात स्नान आटोपण्याने आणि फवाऱ्याखाली उभे न राहण्याने. आम्ही थर्मोस्टॅट पंचावन्न अंशांवर ठेवतो. जितके जास्त तापवाल तितके क्षार जास्त बसतात. आणि गिझरचे पाणी म्हणजे पक्के पाणी नव्हे. ते उकळलेले नसते. एका परिचित घरी घाईत गिझरच्या नळाचे गरम पाणी पिण्याच्या भांड्यात भरलेले मी पाहिले आहे. तपस्या असणाऱ्यांच्या दृष्टीने ते चालणारे नाही आणि आरोग्याच्या दृष्टीनेही ते पिऊ नये.

सासूबाई पिण्याचे पाणी पूर्वीप्रमाणे पातेल्यातच उकळवून घेतात. स्नानाला आता गिझरचे पाणी घेतात. दिरांनी नळाच्या तोंडाला बांधावयाची गरण्याची पिशवी शिवून आणली, तिच्यातून गाळून. बंब घासून पुन्हा माळ्यावर गेला आहे, तोटी फडक्यात गुंडाळून. न्हाणीघराच्या झरोक्यावरचा पुठ्ठा काढला, तो परत लावलेला नाही. आरसीसीबीवर एक लहान बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबले की घर काळोखात जाते आणि यंत्र जागे आहे हे कळते. ते काम पुतणीने आपल्याकडे घेतले आहे. प्रत्येक पाडव्याला, म्हणजे हिंदू महिन्याच्या पहिल्या तिथीला, ती ते न सांगता दाबते आणि दुकानाच्या हिशेबात गुंतलेले तिचे वडील आतून ओरडतात.